दूध संस्थेचं वेब सॉफ्टवेअर: लॉगिन आणि परवानग्या नीट कशा बसवायच्या

कोल्हापूर जिल्ह्यात दूध संस्था नसलेलं गाव शोधावं लागेल. सकाळ-संध्याकाळ उत्पादक दूध घालायला येतात, माप होतं, फॅट काढली जाते, पावती हातात पडते आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. हे सगळं वर्षानुवर्षं संस्थेतल्या एकाच कॉम्प्युटरवर चालत आलं. तिथं ऑफिसचं कुलूप हीच सुरक्षा असायची आणि ती बऱ्यापैकी पुरायचीही. आता तेच काम वेबवर येतंय. राजारामपुरी-शाहूपुरीतल्या छोट्या ऑफिसांत, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये अशी सॉफ्टवेअर तयार होतात. एकाच सर्व्हरवर पाच-पंचवीस संस्था आणि प्रत्येक उत्पादकाच्या मोबाइलवर त्याचं बिल. अशा वेळी कोण आत येतो आणि आत आल्यावर त्याला काय दिसतं, हे पहिल्या दिवसापासून नीट बांधावं लागतं.

लॉगिनचा भाग फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, जवळजवळ तयार देतं. खरी पडझड होते ती त्यानंतर. ‘हे बिल समोरच्या माणसाचंच आहे का?’ हा प्रश्न कुठलंच फ्रेमवर्क तुमच्या वतीनं विचारत नाही, तो तुम्हालाच लिहावा लागतो. वेब सुरक्षेतल्या धोक्यांची यादी काढणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०१७ च्या यादीत मोडकळलेलं अॅक्सेस कंट्रोल (कुणाला काय बघता-करता येतं यावरचं नियंत्रण) पाचव्या क्रमांकावर होतं, २०२१ च्या यादीत ते थेट पहिल्या क्रमांकावर आलं. म्हणून या लेखात लॉगिनपेक्षा परवानग्यांना जास्त जागा दिली आहे. उदाहरणं जँगो या पायथनमधल्या फ्रेमवर्कची आहेत. लाराव्हेल, रेल्स, एक्सप्रेस ही दुसरी फ्रेमवर्क वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलं आहे.

आधी कागद, मग कोड

एडिटर उघडण्याआधी संस्थेत जाऊन एक सकाळ बसा. दूध संकलन चालू असताना कोण कशाला हात लावतं ते बघा आणि क्रियापदांत लिहून काढा. संकलन करणारा क्लार्क नोंद करतो, पावती काढतो. सचिव नोंद दुरुस्त करतो, पशुखाद्याची उधारी आणि अॅडव्हान्स टाकतो, बिल तयार करतो. चेअरमन बिल मंजूर करतात, पण स्वतः नोंद करत नाहीत. लेखापरीक्षक सगळं बघतो, काहीही बदलत नाही. उत्पादक फक्त स्वतःच्या नोंदी आणि बिलं बघतो.

मग अडचणीचे प्रश्न विचारा. क्लार्कनं ६.५ च्या जागी ५.६ फॅट टाकली आणि उत्पादक पावती घेऊन घरी गेला, तर ती दुरुस्ती कोण करणार? ‘सचिव’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. बिल निघाल्यानंतर लक्षात आलं तर? क्लार्क स्वतःच्या घरच्या दुधाची नोंद स्वतः करतो का? सचिवाचंही दूध त्याच संस्थेत येतं का? गावात या दोन्ही प्रश्नांचं उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असतं. म्हणजे एकच माणूस कर्मचारीही आहे आणि उत्पादकही. ‘एका माणसाला एकच भूमिका’ असं गृहीत धरून टेबल बांधलं की हे सगळं अडतं.

शेवटी एक तक्ता करा: उभ्या रांगेत भूमिका, आडव्या रांगेत क्रिया, आणि प्रत्येक चौकटीत ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘फक्त अमुक अवस्थेत’. तो सचिवांना वाचून दाखवा. पुढचा सगळा कोड आणि सगळ्या टेस्ट याच तक्त्यावरून निघणार आहेत.

यूझर मॉडेल पहिल्याच दिवशी स्वतःचं घ्या

जँगोत तयार यूझर मॉडेल आहे, तरी पहिलं मायग्रेशन (डेटाबेसमध्ये टेबलं बनवणारी पायरी) चालवण्याआधी स्वतःचं मॉडेल तयार करून सेटिंग्जमध्ये ऑथ-यूझर-मॉडेल म्हणून त्याचं नाव द्या. आज त्यात एकही जादा फील्ड नसलं तरी चालेल. प्रोजेक्ट निम्म्यावर आल्यावर हे बदलायचं म्हणजे फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्याकडे जाणारे दुवे) आणि मायग्रेशनचा इतिहास हातानं उलगडत बसावं लागतं.

यूझर आणि सभासद ही दोन वेगळी टेबलं ठेवा. घरात एकच मोबाइल आणि वडील-मुलगा दोघांचे सभासद नंबर वेगळे, असं सर्रास असतं. म्हैस सासूच्या नावावर आणि मोबाइल सुनेकडे, असंही असतं. त्यामुळे एका यूझरला एकापेक्षा जास्त सभासद खाती जोडता आली पाहिजेत आणि तो जोड कुणी, कधी दिला याची नोंद राहिली पाहिजे. भूमिकेसाठी तिसरं टेबल करा: यूझर, संस्था, भूमिका, कधीपासून, कधीपर्यंत. एखादा सचिव शेजारच्या गावच्या संस्थेचंही काम बघत असेल, तर त्याच्या दोन ओळी होतील आणि दोन्ही संस्थांचा हिशोब वेगळा राहील.

लॉगिनचं नाव म्हणून मोबाइल नंबर सोयीचा पडतो. आधार नंबर मात्र या कामाला मुळीच वापरू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीची वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गरज नसलेली माहिती न घेणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त बचाव. मोबाइल नंबरही बदलतो, बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो. म्हणून तो प्राथमिक की (नोंदीची कायमची ओळख) करू नका, बदलता येणारं फील्ड म्हणूनच ठेवा.

मराठी कीबोर्डवाल्यांच्या बाबतीत एक बारीक गोष्ट सुटते. काही जण नंबर देवनागरी अंकांत टाइप करतात. पायथनच्या दृष्टीनं तेही अंकच, म्हणून ‘सगळे अंक आहेत का?’ ही तपासणी पास होते. पण डेटाबेसमध्ये देवनागरी अंकांतला नंबर आणि रोमन अंकांतला नंबर या दोन वेगळ्या स्ट्रिंग असतात. जँगो यूझरनेमवर जे युनिकोड नॉर्मलायझेशन करतं, त्यातही देवनागरी अंक रोमन होत नाहीत. तेव्हा नोंदणी, लॉगिन आणि पासवर्ड रीसेट या तिन्ही ठिकाणी एकच फंक्शन चालवा: अंक रोमन करा, मोकळ्या जागा काढा, नंबर बारा अंकी असेल तर सुरुवातीचा ९१ काढा, उरलेले दहा अंक साठवा.

पासवर्ड

हॅशिंग, म्हणजे पासवर्ड परत वाचता येणार नाही अशा रूपात साठवणं, स्वतः लिहू नका. जँगो मुळातच पीबीकेडीएफ२ ही पद्धत वापरतं आणि प्रत्येक आवृत्तीत तिचे फेरे वाढवत नेतं. ५.२ आवृत्तीत ते दहा लाख आहेत. जुन्या फेऱ्यांचा हॅश असेल, तर यूझरनं पुढचं लॉगिन केलं की जँगो तो आपोआप नव्यानं साठवतं. सर्व्हरला मेमरी पुरेशी असेल तर आर्गॉन२ लावा. २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगची जी जाहीर स्पर्धा झाली, ती याच पद्धतीनं जिंकली. हॅशर्सच्या यादीत ती सगळ्यात वर ठेवली की काम झालं.

बीक्रिप्ट वापरणाऱ्यांनी, म्हणजे लाराव्हेल आणि रेल्समधल्या बऱ्याच जणांनी, एक मर्यादा लक्षात ठेवावी. बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट बघतं. इंग्रजीत ती ७२ अक्षरं होतात, पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं, तीन-तीन बाइट खातं. ‘म्हशीला पेंड संध्याकाळी सहाला’ हा पासवर्ड घ्या. मोजत गेलात तर ‘म्हशीला पेंड संध्याकाळी सह’ इथंच ७२ बाइट भरतात. ‘सहाला’ लिहा नाहीतर ‘सहज’, बीक्रिप्टला दोन्ही सारखेच. काही लायब्ररी उरलेला भाग न सांगता सोडून देतात, काही चूक दाखवतात. आपली कुठली ते एकदा चालवून बघा.

देवनागरी पासवर्डला आणखी एक खोडी आहे. ‘दऱ्या’ मधला अर्धा र एका कीबोर्डवर ऱ आणि हलन्त अशा दोन कोडनी येतो आणि दुसऱ्यावर र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा तीन कोडनी. डोळ्याला दोन्ही एकच दिसतात, हॅश मात्र वेगळे होतात. जँगो पासवर्डवर कसलंही नॉर्मलायझेशन करत नाही, आणि नेहमीच्या युनिकोड नॉर्मलायझेशननं ही जोडी जुळतही नाही. देवनागरी पासवर्ड चालू ठेवायचे असतील तर ही रूपं हॅश करण्याआधी स्वतः एकसारखी करा, आणि हे पहिल्या यूझरच्या आधी ठरवा. नंतर नियम बदलला तर आधीचे पासवर्ड जुळणार नाहीत.

लांबी आणि गुंतागुंतीबद्दल अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनं २०१७ मध्ये जे सांगितलं ते मला पूर्ण पटतं. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती नको, ‘एक कॅपिटल, एक चिन्ह’ असले नियम नकोत, लांबी असू द्या आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी पडताळा. सक्तीनं बदलायला लावलेला पासवर्ड शेवटी मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवरच जातो. जँगोच्या पासवर्ड तपासणाऱ्या व्हॅलिडेटरमध्ये वीस हजार नेहमीच्या पासवर्डांची यादी आहे. आपल्याकडचे पासवर्ड तिच्यात असतीलच असं नाही, म्हणून तुमची यादी जोडा: रोमन लिपीत लिहिलेलं अंबाबाई, ज्योतिबा, कोल्हापूर, गावाचं नाव, संस्थेचं नाव, आणि या सगळ्यांपुढे १२३. शिवाय पासवर्ड आणि यूझरची माहिती सारखी नको म्हणून जो व्हॅलिडेटर आहे, तो मुळात यूझरनेम, नाव, आडनाव आणि ईमेल एवढंच बघतो. मोबाइल फील्ड त्यात तुम्हाला घालावं लागेल.

आणि हे व्हॅलिडेटर फॉर्ममध्ये चालतात, मॉडेलवर चालत नाहीत. चारशे सभासदांची एक्सेल आयात करताना स्क्रिप्टनं प्रत्येकाला सभासद नंबरच पासवर्ड म्हणून दिला, तर कुणीही अडवणार नाही. मग गावातला कुठलाही मुलगा एक ते चारशे नंबर चालवून सगळ्यांची बिलं बघू शकतो.

आयात करताना पासवर्ड देऊच नका. जँगोत वापरता न येणारा पासवर्ड ठेवायची सोय आहे, ती वापरा. खातं सुरू करायला उत्पादकाला दुधाच्या पावतीवरच एक कोड छापून द्या. माणूस रोज समोर उभा असतो, क्लार्क त्याला चेहऱ्यानं ओळखतो, ओळख पटवायला याहून चांगली जागा नाही. कोड पायथनच्या सीक्रेट्स मॉड्यूलमधून काढा, डेटाबेसमध्ये त्याचा हॅश ठेवा, तो एकदाच चालू द्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाद करा, कारण पावत्या रस्त्यावर पडतात. कोडबरोबर नोंदलेला मोबाइल नंबरही मागा.

सेशन, आणि एकच कॉम्प्युटर चौघांत

जँगोचं सेशन, म्हणजे एकदा लॉगिन केल्यावर टिकून राहणारी ओळख, मुळात दोन आठवडे जगतं. उत्पादकाच्या स्वतःच्या मोबाइलवर ते चालेल, महिनाभर ठेवलं तरी हरकत नाही. संस्थेतल्या कॉम्प्युटरवर नाही. सकाळी क्लार्क, दुपारी सचिव, अधूनमधून तपासणीला आलेला माणूस, सगळे एकाच खुर्चीत बसतात. लॉगिन झाल्या झाल्या भूमिका बघून सेशनची मुदत वेगळी ठरवा. कर्मचाऱ्यांसाठी वापर थांबल्यापासून तीस मिनिटं योग्य वाटतात. प्रत्येक रिक्वेस्टला सेशन नव्यानं साठवायचं सेटिंग चालू केलं की ही मुदत वापराबरोबर पुढे सरकते. बाहेर कॅनची रांग लागलेली असताना मधेच लॉगिन पान आलं, तर दुसऱ्या दिवशी सगळे एकच खातं कायमचं उघडं ठेवतील.

लॉगआउटचं बटण मोठं आणि वर ठेवा. जँगो ५.० पासून साध्या लिंकनं लॉगआउट होत नाही, पोस्ट (सर्व्हरकडे माहिती पाठवणारा) फॉर्मच लागतो. जुन्या ट्युटोरियलमधली लिंक चिकटवली तर चूक येईल. लॉगिन होताना सेशनची की बदलायचं काम जँगोचं लॉगिन फंक्शन स्वतः करतं, त्यामुळे सेशनमध्ये यूझरचा आयडी हातानं टाकून स्वतःचं ‘लॉगिन’ लिहू नका.

बँक खात्याचा नंबर बदलणं, बिल मंजूर करणं, दुसऱ्याला भूमिका देणं, या तीन ठिकाणी सेशन चालू असलं तरी पासवर्ड पुन्हा विचारा.

चुकीचे प्रयत्न आणि पासवर्ड विसरणं

जँगोत लॉगिनच्या प्रयत्नांना मर्यादा नाही, ती तुम्ही लावायची. जँगो-अॅक्सिस हे पॅकेज बरं आहे. फक्त आयपी पत्त्यावर कुलूप लावू नका: मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच आयपीमागे ठेवतात, एका खोडकर पोराच्या प्रयत्नांनी अख्खं गाव बाहेर राहील. खातं आणि आयपी या जोडीवर मोजा, आणि खातं कायमचं बंद न करता थांबायचा वेळ वाढवत न्या. ‘असा नंबर नाही’ आणि ‘पासवर्ड चुकला’ असे दोन संदेश देऊ नका, दोन्हीला एकच ओळ.

पासवर्ड रीसेट ईमेलनं करायची जँगोची सोय इथं फारशी उपयोगाची नाही, बहुतेक उत्पादकांना ईमेल नसतो. एसएमएस ओटीपी पाठवायला व्यावसायिक एसएमएससाठीची डीएलटी नोंदणी आणि मंजूर टेम्प्लेट लागतं, त्याचा वेळ आधीच धरा. तोवर पावतीवरचा कोड रीसेटलाही चालतो. सचिवांना ‘रीसेट कोड काढा’ हे बटण द्या, ‘नवा पासवर्ड टाका’ हे देऊ नका. दुसऱ्याचा पासवर्ड कुणालाच कळायला नको. हे बटण फक्त उत्पादकांच्या खात्यांवर चालावं. क्लार्कला रीसेटचा अधिकार दिला आणि सचिवांचं खातंही त्या यादीत आलं, तर तक्त्यातल्या सगळ्या चौकटी वाया गेल्या. कर्मचाऱ्यांच्या खात्यांना ऑथेंटिकेटर अॅपचा सहा अंकी कोड लावा. त्याला नेटवर्कही लागत नाही, गगनबावड्याच्या घाटातसुद्धा तो चालतो.

परवानगीचे तीन दरवाजे

पहिला दरवाजा: माणूस लॉगिन आहे का? प्रत्येक व्ह्यूवर (पानामागच्या फंक्शनवर) डेकोरेटर, म्हणजे तपासणीची ओळ, लावत बसण्याची पद्धत धोक्याची आहे, कारण विसरलेला डेकोरेटर कुणाला दिसत नाही. जँगो ५.१ मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून, लॉगिन सक्तीचं मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्ट व्ह्यूआधी तपासणारा थर) आलं आहे. ते लावलं की सगळी पानं मुळात बंद, आणि उघडी ठेवायची ती तुम्ही नाव घेऊन उघडायची. मोबाइल अॅपसाठी एपीआय बांधायचं जँगो रेस्ट फ्रेमवर्क स्वतःच्या परवानगी सेटिंगवर चालतं आणि तिथं मूळ सेटिंग ‘सगळ्यांना मोकळं’ असं आहे. ते वेगळं बंद करा.

दुसरा दरवाजा: या भूमिकेला ही क्रिया करता येते का? जँगो प्रत्येक मॉडेलला बघणे, टाकणे, बदलणे, काढणे अशा चार परवानग्या देतं. ‘बिल मंजूर करणे’, ‘नोंद दुरुस्त करणे’ अशा कामाच्या परवानग्या मॉडेलच्या मेटामध्ये तुम्ही जोडा. कोडमध्ये ‘सचिव असेल तर’ असं लिहू नका, ‘दुरुस्तीची परवानगी असेल तर’ असं लिहा. उद्या संस्थेनं सहायक सचिव नेमला, तर फक्त परवानगी जोडावी लागेल. जँगोचे ग्रुप संपूर्ण साइटसाठी असतात. अनेक संस्था एका सर्व्हरवर असताना ग्रुप पुरत नाहीत. परवानगी तपासताना भूमिकेच्या टेबलातली संस्थेची ओळही बघावीच लागते.

तिसरा दरवाजा सगळ्यात महत्त्वाचा: हीच नोंद या माणसाची आहे का? उत्पादक लॉगिन करतो, बिल उघडतो, पत्त्याच्या शेवटी १०४१ दिसतं. तो १०४२ करून बघतो आणि शेजाऱ्याचं बिल उघडतं: किती लिटर घातलं, किती अॅडव्हान्स उचलला, किती कापला. गावात ही माहिती बाहेर फुटली की भांडण होतं. लॉगिन बरोबर होतं, ‘बिल बघणे’ ही परवानगीही बरोबर होती, तरी दार उघडं राहिलं.

यावर लांबलचक, ओळखता न येणारे आयडी वापरायचा सल्ला मिळतो. ते वापरायला हरकत नाही, पण तो इलाज नाही: लिंक व्हॉट्सअॅपवर फिरली की संपलं. इलाज क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, आहे. आधी नोंद आणून मग ‘ही याचीच आहे का’ असं तपासू नका, क्वेरीच अशी लिहा की दुसऱ्याची नोंद येणारच नाही. प्रत्येक मॉडेलच्या मॅनेजरमध्ये ‘या यूझरसाठी’ अशी एक मेथड लिहा. उत्पादक असेल तर त्याच्या जोडलेल्या सभासद खात्यांची बिलं, कर्मचारी असेल तर आज चालू असलेल्या भूमिकेच्या संस्थेची बिलं, कुणीच नसेल तर रिकामा संच. मग व्ह्यूमध्ये ‘सगळ्या नोंदी’ हा शब्दच वापरायचा नाही, असा टीमचा नियम करा आणि कोड तपासताना तो शोधा. दुसऱ्याची नोंद मागितली तर ४०३ (‘परवानगी नाही’) न देता ४०४ (‘सापडलं नाही’) द्या. ४०३ मुळे ‘असं बिल आहे, पण तुझं नाही’ एवढी माहिती बाहेर जाते.

इथं जँगोचा एक सापळा आहे. यूझरच्या परवानगी तपासणाऱ्या मेथडला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून नोंद देता येते, त्यामुळे नोंदवार तपासणी आपोआप होत असेल असं वाटतं. जँगोचा तपासणी करणारा मूळ बॅकएंड मात्र नोंद दिली की थेट ‘नाही’ म्हणतो. वैतागून माणूस ते आर्ग्युमेंट काढून टाकतो, ‘आता चालतंय’ म्हणतो, आणि तिसरा दरवाजा गायब होतो. नोंदवार परवानग्या डेटाबेसात ठेवायच्या असतील तर जँगो-गार्डियन आहे. दूध संस्थेसारख्या कामात मालकी सरळ असते, तिथं वरची क्वेरी पद्धत पुरते.

तिसरा दरवाजा कुठं कुठं सुटतो ते बघून घ्या. यादी आणि तपशील दोन्ही पानं. शोध. एक्सेल डाउनलोड. फॉर्ममधली ड्रॉपडाउन, कारण अॅडव्हान्स टाकताना सभासद निवडायच्या यादीत शेजारच्या संस्थेचे सभासद दिसतात, आणि दिसले नाहीत तरी आयडी हातानं पाठवता येतो. म्हणून फॉर्मच्या क्वेरीसेटलाही तीच ‘या यूझरसाठी’ मेथड लावा. रेस्ट फ्रेमवर्कमध्ये नोंदवार परवानगी वर्ग यादीला लागूच होत नाही, यादी क्वेरीसेटमध्येच गाळावी लागते.

बिलाच्या पीडीएफ तर हमखास राहतात. त्या मीडिया फोल्डरमध्ये ठेवल्या आणि एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ते फोल्डर थेट वाटत असेल, तर रिक्वेस्ट जँगोपर्यंत पोचतच नाही, तिन्ही दरवाजे बाजूला राहतात. पीडीएफ खाजगी फोल्डरमध्ये ठेवा. जँगो परवानगी तपासेल आणि अंतर्गत रीडायरेक्टच्या हेडरनं फाइल द्यायचं काम एनजिनएक्सकडे सोपवेल.

फॉर्ममध्ये ‘सगळी फील्ड’ घेऊ नका. संस्था, भूमिका, मंजुरीची स्थिती ही फील्ड यूझरकडून कधीच स्वीकारायची नसतात, ती सर्व्हरनं सेशनवरून भरायची. मार्च २०१२ मध्ये गिटहबसारख्या साइटवर एका माणसानं अशाच न गाळलेल्या फील्डमधून दुसऱ्या प्रोजेक्टला स्वतःची प्रवेशाची की जोडून दाखवली होती. ती साइट रेल्सवर होती, पण हा दोष कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये होतो.

अवस्थेवर अवलंबून असलेल्या परवानग्या

आता त्या ५.६ फॅटकडे येऊ. क्लार्कला दुरुस्ती करता येते का? संकलन चालू असेपर्यंत हो, त्यानंतर नाही. सचिवाला बिल निघेपर्यंत. बिल मंजूर झालं की कुणालाच नाही, फरक पुढच्या बिलात घ्यायचा. हे नियम ग्रुपमध्ये बसत नाहीत. त्यासाठी ‘दुरुस्ती करता येईल का’ असं एक फंक्शन लिहा, त्याला यूझर आणि नोंद द्या, आणि ते व्ह्यू, टेम्प्लेट, एपीआय सगळीकडे तेच वापरा. टेम्प्लेटमध्ये बटण लपवणं ही सोय आहे. अडवायचं काम सर्व्हरवरच्या व्ह्यूनंच करायचं.

दुरुस्ती करताना जुना आकडा पुसू नका. मूळ नोंद तशीच, तिच्याशेजारी दुरुस्तीची ओळ: आधी ५.६, आता ६.५, कोणी, कधी, कारण ‘आकडे उलटे पडले’. स्वतःच्या घरच्या दुधाची दुरुस्ती स्वतःला करता येऊ नये, ही तपासणी याच फंक्शनमध्ये घाला. उत्पादकाला त्याच्या मोबाइलवर ही दुरुस्ती दिसू द्या. दूध घालणाऱ्याचा संस्थेवरचा विश्वास अशा ओळींवर टिकतो.

अॅडमिन पॅनेल

जँगोचं अॅडमिन सचिवांना देऊ नका. ते सगळ्या संस्थांच्या नोंदी दाखवतं आणि वरची फंक्शनं तिथं चालत नाहीत. सुपरयूझरला तर कुठलीही परवानगी तपासणी अडवत नाही. ते खातं तुमच्या टीममध्ये एका-दोघांकडे, दुसऱ्या टप्प्याच्या कोडसह, आणि रोजच्या कामाला वेगळं साधं खातं.

दुसरी फ्रेमवर्क

लाराव्हेलमध्ये प्रत्येक मॉडेलची पॉलिसी लिहायची सोय आहे, आणि ‘दुरुस्ती करता येईल का’ हे फंक्शन तिथं अगदी नैसर्गिक बसतं. पण पॉलिसी लिहून ती बोलवायला विसरणं सोपं आहे, म्हणून क्वेरी स्कोप तिथंही लावा. रेल्स ८ मध्ये, नोव्हेंबर २०२४ पासून, लॉगिनचा जनरेटर आतच मिळतो. परवानग्या मात्र तुमच्याच. एक्सप्रेसमध्ये यातलं काहीच तयार नाही. पासपोर्ट ही लायब्ररी ओळख पटवते, बाकी सगळं हातानं, त्यामुळे मुळात बंद ठेवणारं मिडलवेअर सगळ्यात आधी लिहा. स्प्रिंग सिक्युरिटी जोडली की सगळं बंदच होऊन येतं. सुरुवातीला त्रास वाटतो, पण हीच दिशा बरोबर आहे.

मोबाइल अॅपसाठी जेडब्ल्यूटी (सही केलेला, सर्व्हरवर न साठवलेला ओळखीचा टोकन) घ्यायचा मोह होतो. तो टोकन एकदा दिला की मुदत संपेपर्यंत चालतो, मधेच रद्द करायचा तर सर्व्हरवर यादी ठेवावीच लागते. एवढ्या आकाराच्या कामाला डेटाबेसमधला साधा टोकन किंवा सेशन कुकी पुरते आणि एका क्लिकनं रद्द होते.

टेस्ट

कागदावरचा तक्ता आता कामाला येतो. टेस्ट डेटात ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन संस्था करा, प्रत्येकीत सगळ्या भूमिकांचा एकेक माणूस आणि दोन उत्पादक. मग प्रोजेक्टमधल्या सगळ्या यूआरएलची यादी कोडनंच काढा आणि प्रत्येक यूआरएलवर प्रत्येक माणूस पाठवा. तक्त्यात ‘नाही’ आहे तिथं ४०३ किंवा ४०४ आलाच पाहिजे. ‘अ’ च्या कुठल्याही माणसाला ‘ब’ ची कुठलीही नोंद मिळाली तर टेस्ट पडली पाहिजे. नवी यूआरएल जोडली आणि तक्त्यात तिची ओळ नसेल, तरीही टेस्ट पडली पाहिजे. ही शेवटची अट सगळ्यात उपयोगी आहे, कारण घाईत जोडलेलं पान इथंच सापडतं. पोस्ट आणि डिलीटच्या रिक्वेस्टही पाठवा, नुसत्या गेट (पान मागणाऱ्या) रिक्वेस्टवर समाधान मानू नका.

सर्व्हरवर चढवताना आणि माणसं बदलताना

जँगोची चेक-डिप्लॉय आज्ञा चालवा आणि तिच्या सूचना एकेक करून मिटवा. सेशन आणि सीएसआरएफ (दुसऱ्या साइटवरून फसवून पाठवलेल्या रिक्वेस्ट अडवणारी) कुकी फक्त एचटीटीपीएसवरून जाव्यात हे सेटिंग मुळात बंद असतं, ते चालू करा. जँगो जिच्यानं सह्या करतं ती सीक्रेट की गिटमध्ये (कोडच्या इतिहासात) गेली असेल तर ती काढून पुरत नाही, बदलावी लागते. की बदलली की सगळ्यांची सेशन तुटतात, म्हणून संकलनाची वेळ सोडून दुपारी बदला.

क्लार्क नोकरी सोडून गेला की त्याचं खातं डिलीट करू नका, त्याच्या नावावर नोंदी आहेत. खातं निष्क्रिय करा. जँगोचा मूळ बॅकएंड निष्क्रिय यूझरला पुढच्याच रिक्वेस्टला बाहेर काढतो. घरच्या दुधासाठी त्याला उत्पादक म्हणून बिल बघायचं असेल, तर खातं चालू ठेवून फक्त भूमिकेच्या ओळीला ‘कधीपर्यंत’ची तारीख टाका. पासवर्ड फुटल्याचा संशय असेल तर पासवर्ड बदलला की त्या खात्याची बाकी सगळी सेशन जँगो आपोआप बाद करतं.

संस्थेची निवडणूक झाली, नवं संचालक मंडळ आलं की जुन्या चेअरमनची भूमिका त्याच तारखेला संपवा आणि नव्यांना त्यांच्या स्वतःच्या खात्यावर भूमिका द्या. ‘चेअरमन’ नावाचं एकच खातं पुढच्या माणसाकडे सोपवू नका, नाहीतर कुठलं बिल कुणी मंजूर केलं हे लेखापरीक्षणात सांगता येणार नाही. हे काम सचिवांना एका पानावरून करता आलं पाहिजे, त्यासाठी तुम्हाला फोन करावा लागू नये. त्या पानावर संस्थेत आज कुणाकडे कुठली भूमिका आहे आणि तो शेवटचा कधी लॉगिन झाला याची यादी ठेवा, आणि दर दिवाळीच्या फरक बिलाआधी (वर्षाच्या दूध दरातल्या फरकाच्या बिलाआधी) ती सचिव-चेअरमन दोघांनी बघून सही करायची पद्धत पाडा.